मोजदाद

कणकुंबीच्या अलीकडं, डांबरी सोडून दीड मैल आत,
सड्यावर आम्ही ताडपत्र्या ताणल्या.
खुंट्या जातच नव्हत्या खाली.
वर बोटभर माती, मग सगळा जांभा.
शेवटी दोऱ्या दगडांना गुंडाळल्या.
घाडी सर म्हणाले, चालतंय, वादळ थोडंच येतंय.

दोन शाळा. मधे एक भिंत, एक नळ.
बेचाळीस पोरांची यादीही दोनदा लिहिलेली,
एक सरांच्या खिशात, मराठीत,
एक होसमनी टीचरच्या पर्समध्ये, कानडीत.
त्या यादीतलं माझं नाव
मला गोल गोल जिलबीसारखं दिसायचं.

भात करपला.
करपलेला आधी संपला.

शेकोटीशी परश्या कुगजीनं अस्वलाची गोष्ट सांगितली,
त्याच्या चुलत मामाचा गाल कसा सोलून निघाला ती,
आणि त्यानंतर कुणीच एकटं
झुडपाआड जायला तयार होईना.
नीलव्वानं माझी करंगळी धरली.
तिला मराठी येत होतं बाजारापुरतं,
मला कानडी शिव्यांपुरतं.
तेवढ्यात आमचं जाऊन येणं झालं.
करवंदीला फुलं आली होती, अंधारात वासावरनंच कळलं.
ती म्हणाली, मल्लिगे. मी म्हटलं, नव्हे गं.
बसल्या बसल्या आम्ही त्यावरून भांडलो.

अकराला मोजणी.
थंडीनं सगळी डोकी वाकळांत गेलेली,
म्हणून सर पाय मोजत आले, बॅटरी खाली धरून.
चौऱ्याऐंशी. भागिले दोन.
टीचर पलीकडच्या टोकानं निघाल्या होत्या,
एकेक पांघरूण उचलून, डोकी बघत,
ओंदु, एरडु, मूरु...
त्यांचे झाले नलवत्तमूरु.

बेचाळीस, सर म्हणाले.
नलवत्तमूरु, टीचर म्हणाल्या.
तुम्ही चुकलाय.
तुम्ही चुकलाय.
दोघंही अगदी हळू बोलत होते,
पोरं झोपलीयत असं समजून.
आम्ही तर श्वास धरून ऐकूलालो होतो.
एक डोकं जास्त, त्याला पाय नाहीत.
वाकळेतनं कुणीतरी म्हणालं, भूत,
आणि मग जे हसू फुटलं
त्यानं अर्धी ताडपत्री खाली आली.

परश्या आणि शिवलिंगाच्या मधे
काळं घोंगडं होतं, मुटकुळं करून,
पाय पोटाशी घेतलेलं.
सरांनी उजेड पाडला तसं ते उठून बसलं.
कोंडू झोरे. वरच्या गवळीवाड्यावरचा.
वय त्याला सांगता आलं नाही.
म्हस चुकली म्हणून उतरलो, म्हणाला,
जाळ दिसला, मग बसलो.
जेवलास?
त्यानं भांड्याकडं बघितलं.
भांडं आम्ही घासून पालथं घातलं होतं.
टीचरनी पर्समधनं बिस्किटाचा पुडा काढला,
जो आम्हाला संध्याकाळभर नाही म्हणत होत्या.

पुन्हा पडलो. मग दरीतनं तो आवाज,
कुत्र्यासारखा, पण कुत्रा नव्हे,
एकदा, आणि पुन्हा जवळनं.
बेचाळीस वाकळा ताठ झाल्या.
परश्यानं माझ्या वेणीचं टोक धरलं, हे तो आज नाकारतो.
भेकर हाय, कोंडू म्हणाला तोंडात बिस्कीट धरून,
निजा.
नीलव्वानं विचारलं, काय म्हणाला?
मी म्हटलं, मलगु.
मला येत असलेला शिवी नसलेला
तो पहिला कानडी शब्द.

सकाळी घोंगडं नव्हतं.
म्हैस मिळाली का, ते कुणाला विचारणार.
दोऱ्या मात्र सगळ्या नव्यानं बांधलेल्या,
दगडाला दोन वेढे आणि एक उलटी गाठ,
ती सोडवताना सरांचं नख मोडलं.

रस्त्यावर बसमध्ये मोजलं.
सर म्हणाले, बेचाळीस.
टीचर म्हणाल्या, नलवत्तेरडु.
पहिल्यांदाच दोघांचं जुळलं, गाडी सुटली,
आणि मागच्या सीटवरनं परश्या ओरडला,
सर, एक कमी हाय.